मोगरा छाटलात का?

मागच्या अंकात मी एवढंच विचारलेलं की वसंत आलाय, यंदा कुंड्यांत काय लावताय आणि कुठे अडलंय ते कळवा. वाटलं कीड, खत, ऊन असले प्रश्न येतील. ते आलेच, पण बऱ्याच पत्रांत झाड पहिल्या दोन ओळींत आणि पुढची दोन पानं सगळी मनाबद्दलच. वाचताना मध्येच थांबून खिडकीत जाऊन उभी राहत होते, समोरच्या पिंपळाला आत्ता तांब्यासारखी लालसर पालवी आलीये, दोन आठवड्यांपूर्वी नुसत्या काड्या होत्या. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, म्हणून सहा निवडली, नावं काढून टाकलीत.

*

ताई, मागच्या सप्टेंबरात हे गेले. गच्चीवरची बाग सगळी त्यांची, 40 एक कुंड्या असतील. मी फक्त देवाला फुलं आणायला वर जायचे. ते गेल्यापासून मी जिना चढलेले नाही. मुलगा म्हणतो सगळं वाळलंय, पाडव्याच्या आधी गच्ची मोकळी करून टाकू. मला हो पण म्हणवत नाही आणि नाही पण म्हणवत नाही. मोगरा तरी जगला असेल का? (वय 62, कोथरूड)

काकू, आधी मुलाला सांगा की थांब जरा. त्याच्यावर रागावू नका हं, बाबांच्या वाळलेल्या कुंड्या त्यालाही बघवत नसणार, म्हणूनच त्याला त्या नजरेआड करायच्यात. पण ठरवायचं ते तुम्ही, आणि तेही वर जाऊन बघितल्यावर.

सकाळी आठच्या आत, ऊन तापायच्या आधी जा, मुलाला बरोबर घ्या, एक खुर्ची घेऊन जा. पहिल्या दिवशी काही करू नका, नुसतं बसा. रडू आलं तर येऊ दे. दुसऱ्या दिवशी मोगऱ्याशी जा आणि करंगळीएवढ्या जाड फांदीची साल नखाने जराशी खरवडा, अगदी भाताच्या शितापुरती. आतून ओलसर हिरवं दिसलं तर तो जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर त्याच फांदीवर आणखी खाली खरवडा, मग मातीलगत. बरेचदा वरून सगळं वाळलेलं असतं आणि बुंध्याशी जीव असतो, विशेषतः मोगऱ्याचा, तो फार चिवट. मातीजवळही कोरडंच लागलं आणि फांदी वाकवल्यावर कट्कन मोडली, तर मात्र गेला.

हिरवं निघालं की जिथपर्यंत हिरवं आहे तिथपर्यंत ठेवून वरचं कापून टाका. उरलेली जुनी पानंही ओरबाडून काढा, वाईट वाटेल पण काढा, मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर. खरं तर ही छाटणी जानेवारीच्या शेवटी, फेब्रुवारीत करतात, पण मार्चमध्येही चालते, फुलं थोडी उशिरा येतील एवढंच. माती वरवर दोन इंच उकरा, मुळं दुखवायची नाहीत, दोन ओंजळी गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत घाला, पाणी द्या, आणि निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी ठेवा. दहा-बारा दिवसांत पेरापेराशी हिरवे ठिपके दिसायला लागतील. पहिला बहर ओसरला की शेंडे पुन्हा खुडा, म्हणजे जूनपर्यंत फुलं मिळत राहतील.

बाकीच्या कुंड्यांचं म्हणाल तर 40 ठेवू नका. मार्चमध्ये सगळं जमेल असं वाटतं, पण पुण्याचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीये, गच्चीचा स्लॅब तव्यासारखा तापतो आणि कुंड्यांना दोन वेळा पाणी लागतं. ते काकांना जमायचं कारण त्यांना ती आवड होती. तुम्ही मे महिन्यात जिना चढून जेवढ्यांना पाणी घालू शकाल तेवढ्याच ठेवा, पाच म्हणा. मोगरा, तुळस, अजून दोन-तीन. तुळशीची काठी झाली असेल तर तिच्यावरच्या सुक्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बी त्याच मातीवर भुरभुरवा, वरून चिमूटभर माती, आणि हलक्या हाताने पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांत उगवेल. ती काकांच्याच तुळशीची तुळस असेल. जी जगलीयेत पण तुम्हाला झेपणार नाहीत ती बिल्डिंगमध्ये ओळखीच्यांना द्या, येताजाता दिसतील अशा घरी. माती फेकू नका, उन्हात पसरून खत मिसळली की परत वापरता येते.

माझी आई गेली त्या वर्षी तिची जाई मी जगवू शकले नाही. बरेच महिने ते मनाला लागून राहिलं होतं, म्हणून सांगते, जी झाडं गेली असतील ती सहा महिन्यांच्या पाण्याअभावी गेलीत, तुमच्या प्रेमात काही कमी होतं म्हणून नाही.

आणि एक. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर 14416 ला फोन करा. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. बाग आहेच, पण सगळं ओझं एकट्या मोगऱ्यावर टाकू नका.

*

ताई मी हिंजवडीत आयटीत आहे, 29 वर्षांचा. खूप स्ट्रेस होता म्हणून रील्स बघून एकदम 14 प्लांट्स आणले, डिसेंबरात. आता 5 मेलेत, बाकीचे पिवळे पडतायत, कुंड्यांवर बारीक काळी चिलटं फिरतात. रोज न चुकता पाणी घालतो तरी. आता बाल्कनीत गेलो की अजूनच स्ट्रेस येतो, एक साधं झाड पण जगवता येत नाही असं वाटतं.

अरे, रोज न चुकता पाणी घालतोस हाच घोटाळा आहे. हौशी माणसाच्या हातून झाडं तहानेने कमी मरतात आणि पाण्याने जास्त. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि मुळं कुजली की पानं पिवळी पडून मलूल होतात, मग आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण अजून घालतो. ती चिलटंही ओल्या मातीतच अंडी घालतात, माती वरून सुकू दिलीस की त्यांचं बस्तान उठेल.

आता बोट घाल मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर घाल आणि ताटलीत साचलेलं ओतून टाक. मनी प्लांट, स्नेक प्लांट यांना तर आठवड्यात एकदाही पुरतं, स्नेक प्लांटला त्याहूनही कमी.

बाल्कनी कुठल्या दिशेला ते तू लिहिलं नाहीस. पश्चिमेची असेल तर आता ते ऊन एसीतल्या सावलीची सवय असलेल्या रोपांना सोसणार नाही, ती आत घे. बाहेर सदाफुली आणि ऑफिस टाइम लाव. ऑफिस टाइमच्या चार काड्या कुणाकडूनही मागून आण, मातीत खोचल्या की लागतात, सकाळी ऊन चढलं की फुलतात, दुपारनंतर मिटतात, आणि पाणी राहिलं तरी रुसत नाहीत.

आणि उरलेल्या नवांतले चार ठेव, पाच मित्रांना देऊन टाक. हरलास असं नाही यात. स्ट्रेससाठी झाडं उपयोगी पडतात ही नुसती रीलवाल्यांची थाप नाहीये, नेदरलँड्समध्ये 2011 साली छापून आलेला एक अभ्यास आहे, 30 जणांना आधी ताण येईल असं काम दिलं आणि मग निम्म्यांना अर्धा तास बागेत काम करायला लावलं, निम्म्यांना आत बसून वाचायला. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दोन्ही गटांत उतरलं पण बागवाल्यांत जास्त उतरलं. मात्र ही सगळी आधीपासून बाग करणारी, त्यात रमणारी माणसं होती, आणि कुणी त्यांना 14 कुंड्यांचं टार्गेट दिलं नव्हतं! तू बागेतही स्प्रिंट प्लॅनिंग करतोयस. सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी दहा मिनिटं, फोन आत ठेवून, चार कुंड्यांत बोट घालून बघायचं, एखादं पिवळं पान काढायचं, बस.

*

मार्चमध्ये भाजी लावण्यात अर्थ आहे का? आमच्याकडे मे मध्ये 45 जातं. (अकोला)

आहे, पण आत्ताच्या आत्ता. गवार, भेंडी, काकडी, लाल माठ पेरा. पालक-कोथिंबिरीच्या मागे या दिवसांत लागू नका, उन्हाने लगेच तुऱ्यावर जातात. एप्रिलपासून हिरवी शेडनेट, मातीवर वाळक्या पाल्याचा चार बोटं जाड थर, आणि पाणी फक्त पहाटे नाहीतर संध्याकाळी. पाला विकत घेऊ नका, या दिवसांत रस्त्यावर पडतोच, तो जाळणाऱ्यांच्या आधी पोतं घेऊन जा.

*

माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, स्मृतिभ्रंश आहे. वेंगुर्ल्याकडचं घर बंद करून दोन वर्षांपूर्वी त्यांना ठाण्यात आणलं. रोज संध्याकाळी पाच वाजले की दाराशी जाऊन उभ्या राहतात, 'माका घराक जावचा आसा' म्हणतात, समजावलं की चिडतात. तिकडे त्यांचं अंगण होतं, झाडं होती. इथे एक ग्रिल आहे फक्त. काही करता येईल का? मीही खूप थकलेय.

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी आधी वाचलं असं समजा. त्याकडे येते.

संध्याकाळची ही घालमेल या आजारात खूप जणांना होते. 'हेच तुमचं घर' असं समजावून उपयोग होत नाही, त्या पत्ता विचारत नाहीयेत. तेव्हा पाच वाजायच्या आत, चारलाच, त्यांच्या हाताला अंगणातलं काम द्या. ग्रिलमध्ये दोन पसरट कुंड्या पुरतात. एकीत मेथी पेरायची, घरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून, आणि ते पसरायचं काम त्यांचं. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, म्हणजे लागवड कालची की परवाची हे आठवलं नाही तरी समोर हिरवं उभं असतं. दुसरीत अबोली. छोटा तांब्या द्या पाण्याला, झारी नको, तांब्या हाताच्या ओळखीचा असतो. पाणी जास्त झालं, मेथी उपटली, काही बोलू नका, परत पेरायची.

आणि या दिवसांत एक करा. तुमच्या गावाकडे आत्ता सुरंगी फुललेली असेल, फेब्रुवारी ते एप्रिल तिचा मोसम. गावाहून कुणी येणार असेल तर वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, मागवा, नाहीतर फूलबाजारात शोधा. सुरंगीचा वास असा आहे की सुकल्यावरही जात नाही, कपाटात ठेवला तर साड्यांना लागतो. तो वळेसर त्यांच्या हातात द्या आणि काही विचारू नका, ओळखलं का वगैरे परीक्षा नको. बोलल्या तर ऐका. अबोलीची फुलं आणि दोरा दिलात तर कदाचित हात आपोआप ओवायला लागतील, बोटांची सवय फार उशिरा जाते.

फक्त एक काळजी घ्या, कण्हेर आणि डायफेनबॅकिया घरात नकोत. या आजारात माणूस पान, फूल तोंडात घालू शकतो आणि कण्हेर तर सगळीच विषारी.

आता तुमचं. चार ते पाच त्या कुंड्यांशी असताना घरातलं दुसरं कुणीतरी त्यांच्याजवळ बसेल हे घरी स्पष्ट सांगा, तुमच्या नवऱ्याची आई आहे ती, रविवारी तरी तो बसू शकतो. तो तास तुमचा. त्या तासात स्वयंपाकघर आवरायचं नाही.

*

हाय ताई, मी मूळ कोल्हापूरची, आता ब्रॅम्प्टनला, कॅनडात. तिसरा विंटर. नोव्हेंबर आला की मला काहीच करावंसं वाटत नाही, नुसती झोप, गोड खात सुटते, कुणाचे फोन घेत नाही, आणि एप्रिलमध्ये आपोआप बरी होते. आईला सांगितलं तर म्हणते थंडीच आहे, उठून कामाला लाग. त्यात माझा कढीपत्ता जानेवारीत पूर्ण झडला, इथे 30 डॉलरला घेतलेला. टाकून देऊ का? घरमालकांनी यंदा मागच्या अंगणात एक कोपरा वापरायला दिलाय.

टाकू नकोस गं! वर कोथरूडच्या काकूंना सांगितलेली नखाची परीक्षा कर, साल खरवडून हिरवं निघालं तर तो झोपलाय. कढीपत्ता गरम प्रदेशातला, उजेड कमी झाला की पानं टाकून गप्प बसतो. सध्या पाणी अगदी बेताचं दे, सगळ्यात उजेडाच्या खिडकीत ठेव, शेंडा थोडा खुड. रात्रीचं तापमान सलग 10 अंशांच्या वर राहायला लागलं की बाहेर काढ, पण एकदम उन्हात नाही, आधी आठवडाभर सावलीत, रोज थोडा थोडा वेळ, नाहीतर कोवळी पानं भाजतील.

आता तुझं. पुण्या-कोल्हापूरकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवसही 11 तासांचा असतो, तुझ्याकडे तो 9 तासांपेक्षाही थोडा कमी. आईला हे समजणं कठीणच आहे, तिने तसा डिसेंबर बघितलेलाच नाही. दर हिवाळ्यात येणारं आणि वसंतात जाणारं असं जे नैराश्य असतं त्याला डॉक्टरी नाव आहे, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, अमेरिकेत 1984 साली नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं, आणि जास्त झोप, गोड खाण्याची ओढ, माणसं नकोशी होणं ही त्याचीच लक्षणं आहेत. तुला तेच आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, तुझे फॅमिली डॉक्टर सांगतील. आत्ता बरं वाटतंय म्हणून सोडून देऊ नकोस, उलट आत्ताच अपॉइंटमेंट घे, कारण त्यावर उपाय आहेत, 10,000 लक्सचा लाइट बॉक्स, म्हणजे खूप प्रखर उजेडाचा दिवा, सकाळी अर्धा तास वापरतात, औषधं आहेत, पण ते थंडी शिरायच्या आधी ठरवलेलं बरं.

कोपऱ्याचं असं कर. टोमॅटो-मिरचीचं बी आत्ता घरात छोट्या कपांत घाल. बाहेर लावायची घाई नको, तिकडे जुनेजाणते व्हिक्टोरिया डेच्या वीकेंडला, म्हणजे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लावतात, तोवर रात्रीचं दहिवर गोठायची भीती असते. मेथी मात्र थंडीला घाबरत नाही, बर्फ वितळून माती हाताला मोकळी लागली की एप्रिलअखेरीस पेर.

आणि माझं मनापासून सांगणं, ऑक्टोबरमध्ये त्या कोपऱ्यात लसूण लाव. ट्युलिपचे कांदे खारी उकरून खातात, लसणाला तोंड लावत नाहीत. पाकळ्या टोक वर करून दोन-तीन इंच खोल खोचायच्या, वर पाला पसरायचा. तो सगळा हिवाळा बर्फाखाली राहतो, त्याला ती थंडी लागतेच, तिच्याशिवाय गड्डा धरत नाही, आणि जुलैमध्ये काढता येतो. जानेवारीत खिडकीतून बघशील तेव्हा त्या पांढऱ्या अंगणात काहीतरी तू लावलेलं असेल.

*

मी निवृत्त विज्ञान शिक्षक, साताऱ्याजवळ राहतो. डिप्रेशनची गोळी दीड वर्ष चालू आहे. नुकताच एक मेसेज वाचला की मातीत असा एक जिवाणू असतो की तो अँटीडिप्रेसंटचं काम करतो. मी रोज दोन तास बागेत असतो आणि मला खरोखर खूप बरं वाटतंय. गोळी बंद करावी म्हणतो. शिवाय गुलाबाच्या कळ्यांच्या कडा काळ्या पडतायत.

सर, गोळी बंद करू नका. मनाने कमीही करू नका.

तो मेसेज पूर्ण खोटा नाही म्हणूनच जास्त काळजी वाटते. मायकोबॅक्टेरियम व्हॅकी नावाचा जिवाणू मातीत असतो, आणि 2007 मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी दाखवलं की त्याच्यामुळे मेंदूतल्या सेरोटोनिनच्या, म्हणजे मनःस्थितीशी संबंध असलेल्या रसायनाच्या, पेशी उत्तेजित होतात. पण कुणाच्या मेंदूतल्या? उंदरांच्या, आणि तोही मारलेला जिवाणू टोचून. उंदराला इंजेक्शन देणं आणि माणसाने माती कालवणं यात किती अंतर आहे ते तुम्ही वर्गात मुलांना समजावलं असतंत.

आणि बरं वाटतंय ते गोळीने की बागेने, हे दोन्ही एकाच वेळी चालू असताना तुम्ही कसं ठरवणार? एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर निष्कर्ष काढायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंय. कदाचित गोळीने तुम्हाला अंथरुणातून उठून बागेपर्यंत जायची ताकद दिली असेल. ती एकदम थांबवली तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड होऊ शकते, आणि आजार परत डोकं वर काढू शकतो. तुमच्या सायकियाट्रिस्टना हेच सांगा जे मला लिहिलंत, दोन तास बागेत असतो, बरं वाटतंय, कमी करता येईल का. करायची असेल तर ते हळूहळू करतील, आठवड्यांचा हिशोब लावून. दोन तास बाग मात्र चालू ठेवा, सकाळच्या उन्हात, टोपी घालून.

गुलाबाच्या कळ्यांवर फुलकिडे आहेत बहुतेक. एक काळवंडलेली कळी पांढऱ्या कागदावर झटका, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक पिवळट-काळे किडे पळताना दिसले तर तेच. खराब कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. एक लिटर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, ऊन उतरल्यावर फवारा, आठवड्यातून एकदा, तीन आठवडे. आणि डॉक्टरांकडे जाऊन आलात की दोन ओळी नक्की लिहा.